नागपूरच्या उन्हात टिकणारं लॉन: नर्सरीत मिळणाऱ्या गवतांचं परीक्षण

जुलैत नागपुरातल्या कुठल्याही नर्सरीत जा, सगळीच गवतं हिरवीगार असतात. सिलेक्शन-वन, मेक्सिकन, कोरियन, बफेलो, चारही शेजारी शेजारी ठेवली तर सगळ्यांत मऊ आणि दाट दिसतं ते कोरियन, आणि बहुतेक लोक तेच उचलून नेतात. गवताची परीक्षा मात्र पुढे दोनदा होते. एकदा ऑगस्टमध्ये, काळ्या मातीवर पाणी तीन-तीन दिवस उभं राहतं तेव्हा. आणि दुसऱ्यांदा मेच्या शेवटी, नवतपात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि नळाचं पाणी तासाभरावर आलेलं असतं तेव्हा. म्हणून इथे गुण दिलेत ते ऊन, सावली, निचरा आणि पाणी पाहून. नमुन्याच्या तुकड्याचा रंग त्यात धरलेला नाही.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच. थेट ऊन सहा तासांपेक्षा जास्त येत असेल तर सिलेक्शन-वन, दुसरा विचारही नको. ऊन चार-पाच तास, लॉन लहान आणि ये-जा कमी असेल तर मेक्सिकन. झाडाखाली गाळीव ऊन येत असेल आणि उन्हाळ्यात पाण्याची खात्री असेल तर रुंद पानाचं बफेलो. तीन तासांच्याही आत ऊन असेल तर गवताचा नाद सोडून मंकी ग्रास (नावात ग्रास असलं तरी हे लॉनचं गवत नव्हे) किंवा वेडेलिया अशी जमीन झाकणारी झाडं लावा. कोरियन फरशांच्या फटींत शोभतं, लॉन म्हणून नाही. आणि ऑनलाइन मिळणारी केंटकी ब्लूग्रासची पाकिटं नागपूरकरांनी विकतच घेऊ नयेत.

ऊन डिसेंबरचं धरायचं

बहुतेक चुकीच्या खरेदीचं मूळ इथे आहे. प्लॉट पाहिला जातो उन्हाळ्यात, घर बांधून झालं की. आणि तेव्हा सगळीकडे ऊनच ऊन दिसतं. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडची जागाही उन्हात असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. ४५ अंशांचा सरळ अर्थ असा की भिंत जेवढी उंच, तेवढीच लांब सावली. घर २२ फूट उंच असेल तर उत्तरेला २२ फूट सावली पडते, आणि ही दुपारची म्हणजे दिवसातली सगळ्यांत आखूड सावली. बेसा, मनीषनगर किंवा हिंगणा रोडकडच्या ले-आउटमध्ये समोर एवढी मोकळी जागा सोडलेली घरं किती सापडतील?

तेव्हा डिसेंबरची वाट पाहायची नसेल तर उत्तरेच्या भिंतीपासून घराच्या उंचीएवढं अंतर मोजून खुंटी ठोका. भिंत आणि खुंटी यांच्या मधली जमीन थंडीचे दोन-तीन महिने सावलीतच राहणार. तिथे सिलेक्शन-वन लावलं तर ते लगेच मरत नाही. जानेवारीपर्यंत विरळ होतं, फेब्रुवारीत रिकाम्या जागांत तण शिरतं आणि गवत अशक्त अवस्थेत उन्हाळ्याला सामोरं जातं. मे महिन्यात ते जळालं की दोष उन्हाला दिला जातो.

झाडांचं वेगळं गणित आहे. कडुनिंबाखाली उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळीमुळे थोडा उजेड मिळतो, आंब्याखाली बाराही महिने गच्च सावली. शिवाय झाड वरून उजेड अडवतं आणि खालून पाणीही ओढतं, त्यामुळे झाडाखालच्या गवताला उघड्यावरच्या गवतापेक्षा कमी पाणी पुरेल हा समज चुकीचा आहे.

सिलेक्शन-वन

हे हरळीचंच, म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉनचं, बारीक पानाचं आणि दाट वाढणारं निवडक वाण. नर्सरीवाले काही वेळा नुसतं 'सिलेक्शन' किंवा 'बर्म्युडा' म्हणतात. याची ताकद जमिनीखाली आहे. हे गवत वरून धावत्या फांद्यांनी पसरतं तसंच खाली आडव्या खोडांनीही पसरतं. वरचा भाग उन्हात पूर्ण वाळला तरी खालचं खोड जिवंत राहतं आणि पाणी मिळालं की दोन आठवड्यांत पुन्हा फुटतं. नागपूरच्या उन्हाळ्यात या एका गुणापुढे बाकी सगळे गुण दुय्यम ठरतात. मुलं क्रिकेट खेळणार असतील, खुर्च्या टाकून बसणं होणार असेल, कुत्रा असेल, तरी तुडवलेला भाग सगळ्यांत लवकर भरून काढतं ते हेच. आपल्याकडच्या बहुतेक क्रिकेट मैदानांवर बर्म्युडा गटातलीच गवतं असतात, ती याचसाठी.

दोषही मोजून घ्या. पहिला, कापणी. पावसाळ्यात दर पाच ते सात दिवसांनी मशीन फिरवावंच लागतं. योग्य उंची २० ते ३० मिलिमीटर. गणपतीच्या गडबडीत तीन आठवडे राहून गेलं की वर हिरवं, खाली तपकिरी काड्या अशी स्थिती होते, आणि मग एकदम खाली कापलं की सगळं लॉन भुरं दिसतं. अशा वेळी एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. चार-चार दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली यायचं. दुसरा, हे गवत वाफ्यांत घुसतं. लॉन आणि फुलझाडांच्या मध्ये किमान सहा इंच खोल कडा लागते, उभी फरशी किंवा विटांची. नुसती प्लास्टिकची दोन इंची पट्टी ते सहज ओलांडतं. तिसरा, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या आसपास आला की रंग उतरतो. हा रोग नव्हे. तेव्हा युरिया टाकून काही साधत नाही, फेब्रुवारीच्या मध्यानंतर ते आपोआप परततं.

देशी हरळी, म्हणजे माळी ज्याला 'हरियाली' म्हणतात ते, याचंच रांगडं भावंड. पान थोडं रुंद, वाढ विरळ, तुरे फार. लग्नाच्या लॉनसारख्या जागी, जिथे एका रात्रीत हजार पायांखाली गवत जातं, तिथे ते चालतं. घरी केवळ खर्च वाचवायचा असेल तरच घ्या. अडचण अशी की सिलेक्शनच्या कार्पेटमध्ये, म्हणजे मातीसकट कापून विकल्या जाणाऱ्या तयार गवताच्या तुकड्यांत, देशी हरळी मिसळून येते. तुकडा उन्हात धरून पाहा. दोन वेगवेगळ्या रुंदीची पानं दिसली, किंवा काही ठिकाणी गाठींमधलं अंतर बोटाच्या पेरापेक्षा जास्त वाटलं, तर भेसळ आहे. पुढे तीच हरळी जास्त वेगाने पसरते आणि लॉनवर ठिगळं दिसू लागतात.

मेक्सिकन आणि कोरियन

दोन्ही झॉयसिया प्रकारची. नावांचा मात्र बाजारात गोंधळ आहे. एका नर्सरीतलं मेक्सिकन दुसरीकडे कोरियन म्हणून विकलं जातं. नावावर जाऊ नका, पान मोजा. दोन मिलिमीटर किंवा थोडं जास्त रुंद, ताठ पान असेल तर ते इथे ज्याला मेक्सिकन म्हटलंय ते. सुईसारखं, एक मिलिमीटरच्याही आतलं असेल तर कोरियन.

मेक्सिकनचं खरं सुख म्हणजे कमी कापणी. पावसाळ्यात दहा ते पंधरा दिवसांतून एकदा पुरते, ३० ते ४० मिलिमीटरवर. एकदा जमीन झाकली की इतकं दाट होतं की तणाला शिरकाव मिळत नाही. सावली सिलेक्शनपेक्षा बरीच जास्त सोसतं. पण सगळं हळू. खुर्चीच्या पायाने किंवा कुत्र्याच्या लघवीने पडलेला डाग भरायला महिने लागतात. उन्हाळ्यात पाणी तुटलं तर तपकिरी होतं, जगतं, मात्र सिलेक्शनइतक्या लवकर परतत नाही. पान चिवट असल्यामुळे मशीनचं पातं बोथट असेल तर टोकं कापली न जाता फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन पांढुरकं दिसतं. पाणी साचणाऱ्या जागेत पावसाळ्यात गोल, बाहेर पसरत जाणारे तपकिरी डाग येतात. ही बुरशी आहे. औषधापेक्षा निचरा सुधारणं, संध्याकाळचं पाणी आणि नत्र थांबवणं हा खरा इलाज.

कोरियन कापायची गरज नसते म्हणून विकलं जातं. ते खरंही आहे, कारण ते उंच वाढतच नाही. त्याऐवजी ते उंचवट्यांत फुगतं. दोन-तीन वर्षांत आतून मेलेल्या काड्यांचा जाड थर साचतो, पाणी वरच्यावर घसरतं आणि मेमध्ये उंचवट्यांचे माथे जळतात. काळ्या मातीत पावसाळ्यात मधले खोलगट भाग सडतात. म्हणजे एकाच गवतात एकाच वर्षी दोन्ही टोकांची कटकट. फरशांच्या मधल्या दोन-चार इंची पट्ट्यांत, दगडांभोवती, कुंडीत याला तोड नाही. शंभर चौरस फुटांच्या वर लावायला आमचा स्पष्ट नकार.

बफेलो, पास्पलम आणि पाकिटातलं बी

नागपुरात बफेलो म्हणून मिळतं ते बहुतेक सेंट ऑगस्टिन, बोटभर रुंदीच्या आतलं, गुळगुळीत पान. सावलीसाठी गवतांमध्ये हाच सगळ्यांत चांगला पर्याय. हे ६० ते ७५ मिलिमीटर उंच ठेवायचं, ५० च्या खाली कधीच नाही. याला जमिनीखालचं खोड नसतं, फक्त वरच्या फांद्या असतात. म्हणून एप्रिल-मे मध्ये पंधरा दिवस गावाला गेलात आणि पाणी बंद राहिलं तर सिलेक्शनसारखं ते परत येत नाही. गेलं म्हणजे गेलं. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत याची नवी पानं पिवळी पडतात, त्याचं पुढे सांगितलंय. 'बफेलो ग्रास सीड' म्हणून इंटरनेटवर जे मिळतं ते हे नव्हे. अमेरिकेतलं बफेलो गवत वेगळंच असतं, आणि सेंट ऑगस्टिन सहसा बियांपासून लावतच नाहीत.

पास्पलम खारट पाणी सोसतं, म्हणून समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानांवर दिसतं. बोअरचं पाणी फारच मचूळ असेल तर विचार करा, एरवी घरच्यासाठी गरज नाही.

बियांचं बोलायचं तर बर्म्युडाचं साल काढलेलं बी जून-जुलैत पेरता येतं. ५०० चौरस फुटांना पाव किलो, वर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नको, उगवण एक ते दोन आठवड्यांत. पण पहिल्या जोरदार सरीने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि उगवलेलं गवत सिलेक्शनइतकं बारीक नसतं. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय ही थंड हवेची गवतं. नोव्हेंबरात पेरली तर छान उगवतात, पाकिटावरच्या चित्रासारखी दिसतात, आणि एप्रिल उजाडताच संपतात. कृत्रिम गवत मेच्या दुपारी हात ठेवता येणार नाही इतकं तापतं. सावलीतल्या बाल्कनीपलीकडे त्याचा विचार करू नये.

खालची जमीन

गवताइतकेच पैसे इथे लागतात, आणि कंत्राटदार वाचवतो तेही इथेच. नागपूर भागातली भारी काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात गवताची मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच माती पाणी जिरू देत नाही. त्यावर नव्या घरात आणखी एक थर असतो: बांधकामाचा मलबा. यावर दोन इंच लाल माती पसरून कार्पेट टाकलं की पहिल्या पावसाळ्यात दृष्ट लागण्यासारखं दिसतं. पुढच्या मेमध्ये मात्र ठरावीक जागी भुरे डाग पडतात. डागाखाली कुदळ मारून पाहा, तीन-चार इंचांवर सिमेंटचा ढेकूळ किंवा गिट्टीचा थर लागतो.

नीट करायचं तर आठ-नऊ इंच खोदून मलबा वेचून काढायचा. खालची काळी माती फोडून तिच्यात दोन इंचांचा थर होईल इतकं कुजलेलं शेणखत मिसळायचं. काळ्या मातीत थोडीशी रेती टाकून ती भुसभुशीत होईल असं बरेच माळी सांगतात. होत नाही. रेती निम्म्याहून जास्त असेल तरच मातीचा स्वभाव बदलतो. थोडी टाकली तर सुकल्यावर माती आणखी टणक होते. म्हणून मिश्रणाचा वेगळा चार इंचांचा थर वर द्यायचा. हिशेब सोपा आहे: ५०० चौरस फूट, चार इंच म्हणजे १६७ घनफूट. थर दबतो म्हणून वीस टक्के जास्त धरा, म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास. त्यात एक ब्रास हलकी माती, अर्धा ब्रास चाळलेली नदीची रेती, अर्धा ब्रास शेणखत. रेतीच्या जागी क्रशरची चुरी चालवून घेऊ नका, ती घट्ट बसते. शेणखत हातात घेतलं तर वास मातीचा यायला हवा, शेणाचा नाही. कच्च्या खतातून गाजरगवताचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही घरात येतात.

उतार शंभर फुटांना एक फूट, घरापासून बाहेरच्या दिशेने. वीस फूट रुंद लॉनला म्हणजे अडीच इंच; नजरेला कळत नाही, लेव्हल पाइपने मोजावं लागतं. तयार जमीन पायवाटेपेक्षा दीड इंच खाली ठेवा, कार्पेटची जाडी धरून ती बरोबरीला येते. घराच्या जोत्याला लागून दोन-तीन फूट गवत नकोच, तिथे गिट्टी पसरा. काळ्या मातीवरच्या घरात भिंतीच्या कडेला रोज पाणी देणं म्हणजे पायाखालची माती एका बाजूने फुगवणं, आणि मग भिंतींना तडे.

आता लव्हाळा. कार्पेट टाकण्याआधी तयार जमिनीला दहा-बारा दिवस पाणी देऊन तण उगवू द्या, काढा, पुन्हा एकदा तेच करा. लव्हाळा उपटून जात नाही, कारण खाली गाठींची माळ राहते. गाठीसकट खोदून काढावा लागतो. लॉन लागल्यानंतर उगवलाच तर उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हरळीला आणि झॉयसियाला इजा न करता लव्हाळा मारतं, पण सावकाश, दोन-तीन आठवडे घेऊन. उसासाठीची मात्रा एकरी ३६ ग्रॅम आहे. ५०० चौरस फुटांना हे अर्ध्या ग्रॅमच्याही आत येतं, म्हणून अंदाजाने चमचाभर टाकणं म्हणजे गवत संपवणं. ग्लायफोसेट कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा की ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ते कीडनियंत्रण चालकांमार्फतच, म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच, वापरायचं आहे, आणि ते गवत-तण असा भेद करत नाही.

खरेदी आणि लावणी

मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च दुसरा. नोव्हेंबर ते जानेवारीत मुळं धरत नाहीत आणि एप्रिलच्या मध्यापासून लावणं म्हणजे टँकरवाल्याची सोय.

कार्पेट चौरस फुटावर विकलं जातं. कडा कुरतडलेले तुकडे मोजून घेतले तर पाचशेचे साडेचारशेच भरतात, म्हणून माप बिछावल्यावर करायचं असं आधी ठरवा. तुकडा एका कडेने उचला. मधून तुटला तर मुळं विणलेली नाहीत, काढायची घाई झाली आहे. ढिगाच्या आत हात घाला. गरम लागलं आणि आतली पानं पिवळी दिसली तर माल कालचा नाही, परवाचा आहे. कापल्यापासून २४ तासांच्या आत गवत जमिनीवर पडायला हवं, मार्चमध्ये त्याच दिवशी. एक इंच मातीसह ओलं कार्पेट चौरस फुटाला चार किलोच्या आसपास भरतं. ५०० फुटांचे दोन टन झाले; गच्चीवर लावायचा विचार असेल तर आधी अभियंत्याला विचारा.

सिलेक्शनचं सबंध कार्पेट घ्यायलाच हवं असं नाही. तुकडे सुटे करून तीन-चार इंचांवर चुटक्या लावल्या तर एका फुटाच्या कार्पेटमध्ये आठ-दहा फूट जागा होते. ५०० फुटांना ५० ते ६० फूट पुरतं. पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकली जाते, दर आठवड्याला तण काढायची तयारी असेल तर. मेक्सिकनला हा मार्ग घेऊ नका. त्याला भरायला वर्ष लागतं आणि तोवर तण जिंकतं.

कार्पेट बिछावताना विटांच्या कामासारखे सांधे मोडून लावा, फटींत रेती-खताचं मिश्रण भरा, रोलर फिरवा, आणि चार इंच खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. दहा-बारा दिवसांनी कोपरा उचलून पाहा. उचलला गेला नाही तर मुळं धरली. पहिली कापणी त्यानंतरच. नर्सरीने चिकण मातीत वाढवलेलं कार्पेट तुमच्या हलक्या मातीवर आलं तर पाणी वरच्या इंचातच अडतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. दीड-दोन महिन्यांनी काटेरी फावड्याने पाच-सहा इंच खोल भोकं पाडून त्यांत रेती सारा.

पाणी, कूलर आणि पिवळी पानं

५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर; एक मिलिमीटर पाण्याला ४६ लिटर. मेमध्ये हिरवं ठेवायचं असेल तर सिलेक्शनला रोज पाच-सहा मिलिमीटर धरा, म्हणजे २३० ते २८० लिटर. ते रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून तीनदा, पहाटे, प्रत्येकी साधारण ६०० लिटर द्या. काळ्या मातीत एका दमात जिरत नाही, म्हणून निम्मं देऊन अर्ध्या तासाने उरलेलं. लांब स्क्रू-ड्रायव्हर सहा इंच सहज आत गेला की पुरे. पाणीच नसेल तर सिलेक्शनला दहा-बारा दिवसांनी एकदा ५०० लिटर देऊन नुसतं जिवंत ठेवता येतं. ते भुरं होईल, होऊ द्या. बफेलोला अशी सूट मिळत नाही.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी लॉनवर ओतायची सवय घरोघरी आहे. ती सोडा. कूलरमधून फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, आणि बोअरचं पाणी असेल तर आठवड्याभरात ते चांगलंच तीव्र होतं. पानांची टोकं जळणं, मातीवर पांढरा पापुद्रा येणं ही त्याची खूण. आरओ मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही थोड्याफार फरकाने हेच.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण आम्ल-विम्लाचा आकडा (पीएच) आठकडे गेला की मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी युरिया टाकला की पिवळेपणा वाढतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, तांबडा डाग निघत नाही. सगळंच पान फिकट असेल तर मात्र नत्र कमी आहे. सिलेक्शनला जुलै ते सप्टेंबर महिन्याकाठी ५०० फुटांना पाव किलो युरिया, मेक्सिकनला निम्मा. पानं कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी सोडा.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरपूर ओल असूनही गवत सुकत असेल तर मुठीत धरून ओढा. चटईसारखं वर आलं तर खाली हुमणीने मुळं खाल्ली आहेत. तिचे भुंगे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर पानं खायला येतात, म्हणून त्या झाडांजवळची लॉनं आधी तपासा. एका चौरस फुटात पाच-सहा पांढऱ्या अळ्या सापडल्या तर मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत, संध्याकाळी द्या. त्याहून कमी असतील तर सिलेक्शन स्वतःच सावरतं. अळ्या न दिसता पानंच कुरतडलेली दिसत असतील तर दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण पाच लिटर पाण्यात मिसळून मीटरभर जागेवर ओता. लष्करी अळी असेल तर काही मिनिटांत वर येते.